आधी मी, मग वेस

मी धोंडा बोलतोय. नाक मुरडू नका. नदीतला गोटा नाही मी, आणि शेंदूर फासून बसलेलाही नाही. चुन्याच्या घाणीत, म्हणजे चुना मळायच्या चक्कीत फिरणारा, माणसाच्या छातीइतका उंच, पोटात भोक असलेला काळ्या पाषाणाचा गोल धोंडा आहे मी.

भडगावहून एसटीनं गिरणा नदीच्या काठाकाठानं आलात की आमचं शिरवद लागतं. कंडक्टर "वेस, वेस" म्हणतो, तुम्ही उतरता आणि इकडेतिकडे बघत राहता. वेस कुठंय? वेस नाही. तिच्या जागी मी उभा आहे. तरी कंडक्टरच्या तोंडात नाव तिचंच. माझी पोटदुखी इथूनच सुरू होते, म्हणून गोष्टही इथूनच सांगतो.

चाळीसगावला आगगाडी नवी नवी आली होती, त्या काळात इथल्या पाटलानं गावाला दगडी वेस बांधायची ठरवलं. वेस म्हणजे गावाचा दरवाजा. दोन बाजूंना जाड भिंती, वर गोल कमान. दगड डोंगरातून आले. पण नुसते दगड एकमेकांवर रचून कमान उभी राहते थोडीच? दगडाला दगड धरायला चुना लागतो, आणि चुना मळायला मी लागतो. म्हणून आधी मला घडवलं. पाथरवटानं मला टाकीनं गोल केलं, भोक पाडलं, त्यातून लाकडी दांडा घातला. जमिनीत दगडी पन्हाळीचं वर्तुळ केलं, दांड्याला बैल जुंपले आणि मी त्या वर्तुळात फिरायला लागलो. माझ्याखाली भाजलेली चुनखडी, वाळू, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. सगळं लोण्यासारखं एकजीव होईपर्यंत मला सुटका नव्हती.

तो चुना खाऊन वेस वाढली. रोज थोडी थोडी वर चढत गेली आणि मी होतो तिथेच गोल गोल. शेवटी कमानीचा मधला दगड बसला. गावानं गूळ वाटला, वाजंत्री लावली, वेशीला आंब्याचं तोरण बांधलं. मला काय मिळालं? बैल सोडले आणि दांडा काढून माझ्यावर गोणपाट टाकलं. ज्याचं त्याला आणि गाढव ओझ्याला, ही म्हण मी तेव्हाच शिकलो.

पुढे गावात जे जे उभं राहिलं ते माझ्या चुन्यावर. मारुतीचं देऊळ, गिरणेवरचा घाट, चौकोनी विहीर आणि सगळ्यांत शेवटी शाळा. मारुतीला शेंदूर मिळाला, घाटाला दिवे मिळाले, शाळेला झेंडा मिळाला. त्यांचा हेवा वाटायचा, पण जरा कमी. खरी सल होती ती वेशीची. कारण ती रोज समोर दिसायची. घाणीपासून ती हाकेच्या अंतरावर होती आणि आमच्यामध्ये एक निंबाचं झाड, एवढंच.

नवरदेव गावात शिरला की आधी वेशीला नारळ. बैलपोळ्याला बैल तिच्याखालून. कोणी गेलं तर तिरडीसुद्धा तिच्या सावलीत क्षणभर टेकवायची. आणि लग्न होऊन पोरी सासरी निघाल्या की त्यांचे हात.

ते हात मला फार लागायचे. आमच्या गावची रीत अशी, की पोरीची पाठवणी निघाली की वेशीच्या भिंतीवर तळहाताएवढा ओला चुना लिंपायचा. पोरीनं कुंकवात बुडवलेला हात त्यात दाबायचा. चुना वाळला की हात कायमचा. दिवाळीला वेशीला पांढरा रंग द्यायचे तेव्हा त्या हातांच्या कडेकडेनं कुंचला फिरायचा, हातांवरून कधीच नाही. पोरगी माहेरपणाला आली की आधी आपला हात शोधायची. आपला तळवा त्यात ठेवून बघायची. मी झाडाखालून बघत असायचो. चुना माझा, हात मात्र तिच्या अंगावर.

माझ्याशी कोणी बोललं असेल तर तो झिपरू. घाणी हाकणारा शेवटचा माणूस. बैलांच्या मागे फिरता फिरता तो मला थोपटायचा आणि म्हणायचा, "तू जधळ फिरस, तधळ गाव उभं ऱ्हास." मी फिरतो तेव्हा गाव उभं राहतं. एवढं एकच वाक्य माझ्या वाट्याला आलं, ते मी आजवर पुरवून खातोय.

शाळा बांधून झाली आणि सिमेंटच्या गोण्या आल्या. कागदी गोणी फाडायची, पाणी ओतायचं, झालं. ना भट्टी, ना बैल, ना मी. झिपरूनं शेवटच्या घाणीतला वाळू न घातलेला चुना एका दगडी रांजणात भरला आणि वर पाणी ठेवलं. पाण्याखाली चुना मरत नाही, उलट मुरतो. गावच्या पोरींचे हात लागतील तेव्हा उपयोगी पडेल, असं त्यानं आपल्या सुनेला सांगितलं. सुनेचं नाव धुरपदाबाई. तेव्हा ती नवी नवरी होती, आता गाव तिला अक्का म्हणतं. रांजणातलं पाणी तिनं कधी आटू दिलं नाही.

माझं मात्र काय झालं ते विचारू नका. पन्हाळीचे दगड कोणी गोठ्याला नेले, कोणी न्हाणीला. दांडा चुलीत गेला. मला निंबाखाली आडवं पाडलं. माझ्यावर बसून लोकांनी तंबाखू मळली, कोंबड्या कापल्या, ओले कपडे वाळत घातले. आता माझ्यावर तंबाखूचा चुना मळायचे, म्हणजे बघा.

हितेंद्रचं तर सांगायलाच नको. हितेंद्र म्हणजे सरपंच पितांबर आबांचा मुलगा. नदीच्या अंगाला त्याची केळीची बाग आहे आणि हातात कायम मोबाइल. एकदा तो गावातली प्रेक्षणीय स्थळं दाखवायला निघाला. देऊळ झालं, घाट झाला, विहीर झाली. मग दमून माझ्यावर बसला, बूट माझ्या भोकात टेकवला आणि मोबाइलकडे बघून म्हणाला, "मित्रांनो, आता आपण बघू या आपल्या गावातली सर्वात जुनी गोष्ट." आणि मोबाइल वेशीकडे वळवला. मी त्याच्या बुडाखाली होतो.

पण त्याच हितेंद्रला वेस खुपायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. केळीचा ट्रक वेशीतून आत येत नव्हता. माल बागेतून ट्रॅक्टरनं वेशीबाहेर आणायचा, तिथे पुन्हा ट्रकमध्ये भरायचा. दोनदा हाताळली की केळी काळी पडतात. बागाईतदार कुरकुरायला लागले आणि एका ग्रामसभेत वेस पाडायचा विषय निघाला. सभा निंबाखालीच होती. काहीजण माझ्यावरच बसले होते.

वेस आधीच ठेंगणी बांधली, असं जो तो म्हणत होता. मला हसू येत होतं. ठेंगणी? कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्या, वर माणूस बसलेला, अशा तिच्याखालून जाताना मी बघितल्यात. ती कुठली ठेंगणी होतेय. दर निवडणुकीच्या आधी रस्ता नवा व्हायचा आणि जुना न उकरता त्याच्यावरच नवा थर पडायचा. वेस होती तिथेच होती. रस्ता वर वर चढत गेला. मीसुद्धा त्यातच अर्धा गाडला गेलो. हे मला ठाऊक होतं, पण मला विचारतंय कोण? आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. मला तिला पडताना बघायचं होतं.

सगळे पाडा म्हणत असताना धुरपदाबाई उठली. सभेत ती कधी बोलायची नाही. तिची एकुलती मुलगी शीतल. लग्न होऊन सुरतेला गेली आणि तिची मुलगी मोनाली लहान असतानाच आजारात वारली. नात धुरपदाबाईनं वाढवली. शीतलचा फोटो होता एक, तोही पाण्यात खराब झाला. उरला होता तो वेशीवरचा हात. मोनालीला आईचा चेहरा आठवत नव्हता. लहानपणापासून ती येता-जाता त्या हातात आपला हात ठेवून बघायची. आधी तिचा हात त्या हातात हरवून जायचा, मग हळूहळू पुरायला लागला. आता तिचं लग्न ठरलं होतं, वैशाखात.

"आबा, वेस पाडा. मी आडवी येत नही," धुरपदाबाई म्हणाली. "पन मन्ही मोनालीनं लगन व्हऊ द्या. तिना हात तिनी मायना हातना जोडे लागू द्या. मंग पाडा."

तिच्या आईच्या हाताशेजारी तिचा हात लागू द्या, एवढंच तर मागत होती. पितांबर आबांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"अक्का, तुमना शब्द मोडाव नही. लगन व्हवापर्यंत वेसले कोनी हात लावाव नही."

म्हणजे मरतानासुद्धा वेशीचा मान राखला गेला. मी निंबाखाली जळफळत पडून राहिलो.

आबांनी शब्द पाळलाही असता. पण लग्नाला थोडेच दिवस उरले असताना हितेंद्रची बाग कापणीला आली. व्यापाऱ्याचा ट्रक वेशीबाहेर उभा राहिला. हितेंद्रनं बांबू आणला, कमानीखाली मधोमध उभा धरला, मग तोच बांबू ट्रकला लावून बघितला. ट्रक बांबूपेक्षा वीतभर कमीच भरला. त्यानं ड्रायव्हरला खुशाल आत घ्यायला सांगितलं.

कमान गोल असते आणि ट्रक चौकोनी. मधोमध जागा होती, पण ट्रकचे वरचे दोन्ही कोपरे कमानीच्या खांद्यांत जाऊन बसले. पुढे जाईना, मागे येईना. चाकांतली हवा सोडली तरी निघेना. शेवटी ड्रायव्हरनं जोर करून गाडी मागे खेचली आणि कमानीच्या मधल्या दगडापासून खालपर्यंत भेग गेली. दोन दगड ट्रकमध्ये पडले. दगडांखाली कोणी माणूस आला नाही, एवढं नशीब. पण आता ती कमान कधी कोणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नव्हता. शाळेची पोरं रोज तिच्याखालून जात होती. संध्याकाळच्या आत बबलूचा जेसीबी आणायचं ठरलं. आबा स्वतः धुरपदाबाईच्या दाराशी जाऊन उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. परत येताना ते जमिनीकडे बघत आले.

धुरपदाबाई आली आणि वेशीसमोर खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही. मोनाली तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. बबलू जेसीबी चालवणारा, शेजारच्या गावचा. त्याला म्हातारीनं फक्त शीतलचा हात तेवढा काढून द्यायला सांगितलं. बबलू खाली उतरला, छिन्नी घेऊन हाताच्या कडेकडेनं गिलावा सोडवायला लागला. घाम गाळला बिचाऱ्यानं.

"अक्का, गिलावा सुटत नही," तो शेवटी म्हणाला. "दगड फुटी, पन हाऊ चुना सोडाव नही."

दगड फुटेल, पण हा चुना सोडणार नाही. माझ्या कानांवर विश्वास बसेना. इतकी वर्षं मी त्या वेशीकडे बाहेरून बघत आलो होतो. तोरण बघितलं, नारळ बघितले, हात बघितले आणि जळलो. तिच्या पोटात काय आहे हे कधी दिसलंच नव्हतं. बबलूनं शीतलच्या हाताचा आख्खा दगड भिंतीतून मोकळा केला आणि भिंतीचं पोट उघडं पडलं. दगडांच्या प्रत्येक सांध्यात माझा चुना होता. पांढरा शुभ्र, काल मळल्यासारखा. बैलांच्या फेऱ्या, झिपरूच्या बापजाद्यांचा घाम, बेलाचा गर, सगळं तिथे होतं. ज्या बाईचा मी जन्मभर मत्सर केला, ती आत सगळी मीच होतो. हे कळायला तिला पाडावं लागलं.

बाकीची वेस पडायला अंधार झाला. जेसीबीचे दात झिजले, असं बबलू म्हणत होता. शीतलचा दगड चौघांनी उचलून आणला, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून माझ्यावर ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा गावच्या पोरीचा हात माझ्या अंगावर होता. पण तोही वेशीचाच, उसना.

दुसऱ्या दिवशी नवा रस्ता करायला बबलूनं खणायला घेतलं. वरचा थर निघाला. खाली दुसरा. त्याच्याखाली तिसरा, मग खडी, मग मुरूम. आणि कंबरभर खाली वेशीचा दगडी उंबरठा निघाला, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांसकट. लोक खड्ड्याच्या काठावर उभे राहून बघत होते. हितेंद्रनं मोबाइल खिशातून काढला आणि परत ठेवून दिला. तेवढी उंची मिळाली असती तर ट्रक आरामात गेला असता. नुसता रस्ता उकरायला हवा होता.

"वेस ठेंगनी नही व्हती रे भो," पितांबर आबा म्हणाले. "आपीनच वर चढनूत."

आपणच वर चढलो, हे मला आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी मी तिला पडू दिलं होतं.

गटार काढायची म्हणून मला निंबाखालून हलवावं लागलं. कुठे टाकायचा हा धोंडा, असं बबलूनं विचारलं. नदीत लोटा, असं कोणीतरी म्हणालंही. धुरपदाबाईनं वेशीच्या डाव्या भिंतीच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे मला उभं केलं आणि शीतलचा दगड माझ्या कडेला रोवला. मी गडगडत जाऊन कोणाच्या अंगावर पडू नये म्हणून हितेंद्रनं माझ्या बुडाशी सिमेंट ओतलं, तेही भरपूर. मनाला लागलं होतं त्याच्या. बोलून दाखवता येत नव्हतं, म्हणून सिमेंट ओतत होता.

आणि मोनालीची पाठवणी निघाली. शीतलच्या दगडावर फक्त तिच्याच हातापुरती जागा होती. धुरपदाबाईनं घरून पितळी वाटी आणली होती, रांजणातला चुना. पाट्याला लावतात तशी बबलूनं सकाळीच माझ्या पोटाला टाकी लावून ते खरखरीत करून ठेवलं होतं, चुना धरावा म्हणून. म्हातारीनं बोटांनी तो चुना माझ्यावर लिंपला.

मला काय वाटलं ते कसं सांगू? आख्ख्या गावाला मी चुना पुरवला. देवळाला, घाटाला, विहिरीला, त्या वेशीला. माझ्या स्वतःच्या अंगाला तो कधी लागून राहिला नव्हता. झिपरू रोज धुऊन काढायचा मला. पहिल्यांदाच कोणी माझ्यासाठी चुना आणला होता. गार होता तो. मुरला होता.

मोनाली कुंकवाचा हात घेऊन थबकली. आजीकडे बघायला लागली. तिला वेशीवर हात लावायचा होता, आणि समोर तर धोंडा.

"आठेच लाय हात, माय," धुरपदाबाई म्हणाली. "तुनी मायना हात बी याच धोंडाना चुनामा शे. हाऊच आते आपली वेस."

इथेच लाव, आता हाच आपली वेस, असं म्हणाली ती माझ्याकडे बघून. मोनालीनं हात दाबला. आईच्या हाताच्या शेजारी, अगदी जवळ. मग आईच्या हातात आपला तळवा ठेवून बघितला. आता दोन्ही सारखे होते. मग मात्र म्हातारी रडली.

आता मी इथे उभा आहे. नवरदेव माझ्यावर नारळ फोडतात. बैलपोळ्याला बैल माझ्यासमोरून जातात, आणि मीही बैलांना ओळखतो. हवं होतं ते सगळं मिळालं. पण धुरपदाबाईचं बोलणं गावानं उचललं. मला धोंडा कोणी म्हणत नाही. वेशीपाशी थांब, वेशीपाशी ये, वेशीला नमस्कार कर. माझ्या अंगावर नारळ फुटतो आणि नाव घेतात तिचं. मेली तरी तिनं मला सोडलं नाही.

हेही मी गिळलं असतं. पण परवा धुरपदाबाई पाठवणीच्या दुसऱ्या एका पोरीसाठी चुना घेऊन आली तेव्हा वाटी अर्धीच होती. रांजण तळाला लागलाय, असं ती कोणाला तरी सांगत होती. पुढच्या एखाद-दोन पोरींना पुरेल. मग बाजारातलं सिमेंट लिंपतील, आणि सिमेंटवरचं कुंकू पहिल्याच वर्षी धुऊन जाईल. गावात पोरी मोठ्या होतायत. त्या माहेरी येतील, आपला हात शोधतील आणि त्यांना तो सापडणार नाही.

आणि मी? हितेंद्रच्या सिमेंटमध्ये गुडघ्यापर्यंत घट्ट. ज्या जागेसाठी जन्मभर जळलो, त्या जागेवरून मला आता हलता येत नाही. फिरता येत नाही. न फिरणारा घाणीचा धोंडा म्हणजे नुसता मानाचा दगड. तसले गावात पुष्कळ आहेत.

म्हणून वेशीपाशी उतरणाऱ्या भल्या माणसांनो, आबांना सांगा, हितेंद्रला सांगा. मला इथून उपटा. मान गेला तरी चालेल. एकदा चुनखडी भाजा, पन्हाळ मांडा, दांडा घाला आणि बैल जुंपा. रांजण भरून देतो. त्यातूनही चुना उरला तर कोपऱ्यात पडलेले वेशीचे जुने दगड गोळा करा आणि तिला पुन्हा उभी करा, हवी तेवढी उंच. तोरण तिला बांधा, नारळ तिला फोडा, पोरींचे हात तिच्यावर उमटवा. मी निंबाखाली पडून तिच्यावर खुशाल जळत राहीन.